लाडवातल्या बदामाचे श्रेय

भांगेच्या लाडवात ताकद असते असे सांगणारा माणूस खरे तर लाडवातल्या बदामाबद्दल बोलत असतो. बदाम, खवा, तूप आणि साखर यांनी केलेली कमाई तो भांगेच्या खात्यावर जमा करतो. महाशिवरात्र-होळी जवळ आली की जैनथ-आदिलाबादपासून पैनगंगेपलीकडे पांढरकवड्यापर्यंत हा हिशेब तोंडोतोंडी फिरू लागतो. भांग म्हणजे पाला, पाला म्हणजे भाजीच. दुधातून घेतली की पचन सुधारते, भूक लागते, अंग धरते. या जुन्या बोलण्याला आता नवी जोड मिळाली आहे. शहरात शिकून आलेली पोरे मोबाइलवर ‘हेम्प’च्या बियांतले प्रोटीन काढून दाखवतात, अमेरिकेतल्या गांजाच्या बिस्किटांच्या कॅलरी मोजतात, आणि पानठेल्यावर मिळणाऱ्या भांगेच्या मुनक्क्याच्या पुडीवर तर ‘आयुर्वेदिक’ असे छापलेलेच असते. म्हणजे आजोबा, नातू आणि दुकानदार, तिघांचे एकमत: हे खाणे आहे.

माझा वाद या एकमताशी आहे, होळीला पेलाभर भांग घेणाऱ्याशी नाही. सज्ञान माणसाने वर्षातून एकदा भांग घेतली म्हणून आकाश कोसळत नाही, आणि ते कोसळते असे सांगणाऱ्यांचाही मला कंटाळा आहे. पण नशेला आहार म्हणून ताटात वाढले की मोजायचे काय हेच बदलून जाते. मग माणूस कॅलरी मोजतो आणि मात्रा विसरतो.

आधी कॅलरीच मोजू. ठंडाईचा एक मोठा पेला घ्या. पाव लिटर म्हशीच्या दुधात साधारण २७० कॅलरी. तीस ग्रॅम साखरेच्या १२०. दहाबारा ग्रॅम बदामांच्या पासष्ट-सत्तर. खसखस, मगज, बडीशेप मिळून आणखी चाळीस-पन्नास. बेरीज पाचशेच्या घरात जाते, म्हणजे ज्वारीच्या दोन-अडीच भाकरींएवढी. आता त्यात घोटलेली भांग. दोन-तीन ग्रॅम सुका पाला धरला तर कोणत्याही सुक्या पाल्यासारख्या त्याच्या फार तर दहा कॅलरी. आणि ज्यामुळे डोके फिरते ते टीएचसी? ते मिलिग्रॅममध्ये मोजायचे. दहा मिलिग्रॅम टीएचसीला शुद्ध चरबीच्या दराने, म्हणजे ग्रॅमला नऊ कॅलरी, मोजले तरी उत्तर ०.०९ येते. एका कॅलरीचा दहावा भागसुद्धा नाही. पेल्यातून भांग काढून टाका, पोषणात फरक पडत नाही. दूध काढून टाका, पोषण संपते, नशा उरते.

कॅलरीच हव्या असतील तर दारू जास्त इमानदार आहे. अल्कोहोलच्या ग्रॅमला सात कॅलरी खऱ्याखुऱ्या मिळतात. तरी मोहाच्या पहिल्या धारेची कोणी अंगणवाडीसाठी शिफारस करत नाही.

पण याच हिशेबात एक गोष्ट अशी आहे की तिथे कॅलरीचा आणि भांगेचा खरोखर संबंध येतो, आणि तो पौष्टिकतेच्या पुरस्कर्त्यांना अडचणीचा आहे. टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळते. म्हणूनच आपल्याकडे भांग दुधात घोटतात, तुपात परततात, खव्यात मळतात. टीएचसीपासून केलेले ड्रोनाबिनॉल नावाचे औषध अमेरिकेत १९८५ पासून मान्य आहे. त्याच्या माहितीपत्रकात लिहिले आहे की भरपूर स्निग्ध, भरपूर कॅलरीच्या जेवणाबरोबर तीच गोळी घेतली तर रक्तातला तिचा सर्वोच्च बिंदू सुमारे चार तास पुढे ढकलला जातो आणि शरीरात एकूण शोषले जाणारे औषध जवळपास तिप्पट होते. म्हणजे रिकाम्या पोटी घेतलेली गोळी आणि पुरी-श्रीखंडावर घेतलेली तीच गोळी या दोन वेगळ्या मात्रा आहेत. लाडवातले तूप ‘अंगाला लागते’ असे आपण म्हणतो. तेवढ्याच खुबीने ते नशाही अंगाला लावते.

‘ओढण्यापेक्षा खाणे बरे, धूर तरी जात नाही’ हा युक्तिवाद इथेच अडखळतो. धूर फुप्फुसाला वाईट, हे अगदी खरे. पण ओढलेल्या गांजाचा परिणाम काही मिनिटांत कळतो आणि माणूस थांबतो. खाल्लेल्याचा परिणाम कळायला अर्धा ते दोन तास लागतात. मधल्या काळात यकृत टीएचसीचे अकरा-हायड्रॉक्सी टीएचसी करते, जे मेंदूत सहज शिरते. शिखर दोन ते चार तासांनी येते आणि उतरायला सहा-आठ तास किंवा त्याहून अधिक लागतात. या वाट पाहण्याच्या काळातच माणूस म्हणतो, ‘काहीच होत नाही, आणखी एक दे.’ अमेरिकेत कोलोराडो राज्यात गांजाची विक्री कायदेशीर झाली त्या वर्षी, मार्च २०१४ मध्ये, एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने बिस्किटाचा एक तुकडा खाल्ला. विक्रेत्याने एका वेळी एवढाच घ्यायला सांगितले होते. तासाभरात काही जाणवले नाही म्हणून त्याने उरलेले सगळे खाल्ले. अख्ख्या बिस्किटात ६५ मिलिग्रॅम टीएचसी होते, तिथल्या हिशेबाने साडेसहा मात्रा. सुमारे अडीच तासांनी त्याने गॅलरीतून उडी मारली आणि तो मेला. त्या बिस्किटाच्या कॅलरी किती होत्या हे त्या प्रकरणात कोणी विचारले नाही.

तिथे निदान आकडा छापलेला होता. तोही भरवशाचा असतोच असे नाही: २०१५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी पंचाहत्तर खाद्यपदार्थ तपासले, तेव्हा लेबलावरचा टीएचसीचा आकडा फक्त सतरा टक्क्यांत बरोबर निघाला. आपल्याकडच्या लाडवाला तर लेबलच नाही. शिवाय कच्च्या पाल्यातले टीएचसी बहुतांशी आम्लरूपात असते. उष्णता लागल्यावर ते नशा देणाऱ्या रूपात येते. तेव्हा एकाच झाडाचा पाला कच्चा घोटला तर एक गोष्ट होते, तुपात परतला तर दुसरीच. घोटणाऱ्याच्या हाताचा अंदाज कितीही पक्का असला तरी तो चमच्याचा अंदाज आहे, मिलिग्रॅमचा नाही.

आता भुकेकडे येऊ, कारण या पक्षाचा सगळ्यात मजबूत मुद्दा तोच आहे. भांगेने भूक लागते हे खोटे नाही. मेंदूतल्या सीबी-१ या ग्राहीवर टीएचसी बसले की पोट भरल्याची खूण देणाऱ्या पेशीच उलट काम करू लागतात. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये उंदरांत हे दाखवले. एड्सच्या रोग्यांची भूक मरते म्हणून ड्रोनाबिनॉल १९९२ पासून त्यांनाही देतात: अडीच मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाआधी. ज्या चाचणीवर ही मान्यता टेकली आहे तिच्यात औषध घेणाऱ्यांची भूक ३८ टक्क्यांनी वाढली, नकली गोळी घेणाऱ्यांची ८ टक्क्यांनी. आणि वजन? औषधवाल्यांचे होते तिथेच राहिले, नकली गोळीवाल्यांचे सरासरी चारशे ग्रॅम घटले. मरणाच्या दारातल्या माणसासाठी वजन टिकणे ही मोठी गोष्ट आहे, ती मी नाकारत नाही. पण ‘अंग धरते’ ते हे नव्हे. कर्करोगाने खंगलेल्या रोग्यांवर युरोपात झालेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर भांगेचा अर्क, शुद्ध टीएचसी आणि नकली गोळी यांच्यात भुकेच्या बाबतीतही फरक दिसला नाही.

भूक म्हणजे पोषण नव्हे. भूक लागल्यावर ताटात काय पडते त्यावर पोषण ठरते. भांगेच्या भुकेला वरण-भात आठवत नाही; गोड आठवते, तळलेले आठवते, ताटलीतले संपेपर्यंत हात थांबत नाही. शिवाय वर्षानुवर्षे रोज घेणाऱ्यांपैकी काहींना उलट्यांचा विकार जडतो. २००४ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी तो प्रथम मांडला: वांत्यांची आवर्तने, आणि आराम फक्त गरम पाण्याच्या आंघोळीने. भूक वाढवणारे म्हणून ज्याची जाहिरात, त्याच्यामुळे पोटात अन्न टिकत नाही.

एक विरुद्ध टोकाचा दावाही मधूनमधून ऐकू येतो, की भांगेने वजन उतरते. याला आधार म्हणून २०११ चा एक अमेरिकी अभ्यास सांगतात, आणि तो खराच आहे. गांजा न घेणाऱ्यांत लठ्ठपणा बावीस ते पंचवीस टक्के आढळला, आठवड्यातून तीनदा किंवा अधिक घेणाऱ्यांत चौदा ते सतरा टक्के. पण ते घेणारे वयाने किती, तंबाखू किती ओढतात, कोणते काम करतात, आजारी माणसे आधीच बाजूला पडली आहेत का, असे सगळे धागे अशा पाहणीत गुंतलेले असतात. त्यातून कारण निघत नाही. ज्यांनी सीबी-१ ग्राही बंद करून वजन उतरवायचा सरळ प्रयत्न केला त्यांचे काय झाले तेही पाहावे. रिमोनाबँट नावाची गोळी २००६ मध्ये युरोपात आली. वजन उतरले, पण लोक नैराश्यात आणि आत्महत्येच्या विचारात जाऊ लागले, आणि २००८ मध्ये तिची विक्री थांबवावी लागली. ज्या कळीने भूक चालते तिनेच मनही चालते. तेव्हा भांग एकाच तोंडाने भूक वाढवते आणि वजन उतरवते असे सांगणाऱ्यांनी आधी आपापसांत काय ते ठरवावे.

बियांचा मुद्दा मात्र वेगळा आहे, आणि इथे मी भांगेच्या बाजूने आहे. भांगेचे बी हे खरोखर अन्न आहे. सोललेल्या शंभर ग्रॅम बियांत साडेपाचशे कॅलरी, एकतीस-बत्तीस ग्रॅम प्रथिने आणि पन्नास ग्रॅमच्या जवळपास तेल. कुमाऊँ-गढवालात या बियांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खातात आणि कोणी झिंगत नाही. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही २०२१ मध्ये बी, बियांचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. पण कोणत्या अटींवर? बियांत टीएचसी किलोला पाच मिलिग्रॅमच्या वर नको, तेलात दहाच्या वर नको, आणि पाकिटावर नशेची सूचना देणारे काही नको, बी सोडून झाडाच्या दुसऱ्या कोणत्याही भागाचे चित्र नको. कायद्याने बियाला मान दिला तो पाल्यापासून तोडून. मोबाइलवरचा नातू बियांचा आकडा दाखवतो आणि पाल्याचा लाडू पुढे करतो, तेव्हा तो याच तोडलेल्या दोराला गाठ मारत असतो.

आणि जैनथच्या माणसाने त्या बियांसाठी शहरातल्या महागड्या डब्याकडे का पाहावे हेही मला कळत नाही. ज्या मातीत कापसाच्या जोडीला सोयाबीन उभे राहते, तिथे शंभर ग्रॅमला पस्तीस ग्रॅमच्या पुढे प्रथिने देणारे धान्य पोत्यांनी बाजारात जाते. शेंगदाण्यात चोवीसच्या आसपास. ओमेगा-३ साठी हेम्प घ्यायचे तर आपल्या जवसात ते त्याच्या दुपटीहून अधिक आहे, आणि जवसाची चटणी दोन्ही काठांवरच्या घरांत अजून होते. ही सगळी माहिती शोधायला फार लांब जावे लागत नाही. राष्ट्रीय पोषण संस्था आपल्याच तेलंगणात, हैदराबादेत आहे, आणि तिने भारतीय अन्नाचे कोष्टक २०१७ मध्ये नव्याने छापले आहे.

उरला आयुर्वेद. परंपरेचे नाव घेऊन बोलणाऱ्यांनी परंपरा पूर्ण वाचावी एवढीच विनंती. विजया, म्हणजे भांग, दीपन-पाचन आहे असे निघंटूंत आहे, आणि त्याच दमात ती मोह आणि मद आणते असेही आहे. शार्ङ्गधरसंहितेत भांग आणि अफू ही जोडी ज्या द्रव्यांचे उदाहरण म्हणून येते ती द्रव्ये आधी सर्वांगात पसरतात आणि नंतर पचतात. अन्न आधी पचते, मग अंगात जाते. म्हणजे ग्रंथकाराने सातशे वर्षांपूर्वीच भांगेला अन्नाच्या पंगतीतून उठवले होते. जातीफलादि चूर्णात भांग आहे, पण ती शोधन करून, मापून, वैद्याच्या सांगण्यावरून घ्यायची. आजच्या कायद्यातही औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ परिशिष्टात, विषारी द्रव्यांच्या यादीत, बी वगळता भांग आहे, आणि अशा औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा छापावा लागतो. पानठेल्यावरून पोराने पाच-दहा रुपयांत मुनक्का घेतला तर देखरेख कोणाची, सुपारी कातरणाऱ्याची? जानेवारी २०२४ मध्ये हैदराबादजवळच्या कोथूरमध्ये गांजा मिसळलेली चॉकलेटे शाळकरी मुलांपर्यंत पोचल्याचे उघडकीला आले. पोरांना ते चॉकलेटच वाटले, कारण ते चॉकलेटच दिसत होते. अमेरिकेत सहा वर्षांखालच्या मुलांनी चुकून असे पदार्थ खाल्ल्याच्या नोंदी २०१७ मध्ये २०७ होत्या, २०२१ मध्ये ३,०५४ झाल्या. लहान मुलाच्या वजनाला मोठ्या माणसाची मात्रा म्हणजे गुंगी, कधी श्वास मंदावणे, कधी अतिदक्षता विभाग.

कायद्याची बाजूही धुतल्या तांदळाची नाही, हे सांगितले पाहिजे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने शेंडा नसलेला पाला आणि बी गांजाच्या व्याख्येतून वगळले. पैनगंगेपलीकडे मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यात भांगेचा पालाही मादक द्रव्यच आहे. भोरजच्या नाक्यावरून पिंपळखुटीच्या नाक्यावर पोचेपर्यंत त्याच पाल्याला दुसरा कायदा लागतो. त्याहून गमतीची गोष्ट वजनाची. जून २०२१ मध्ये मुंबईत मालाडच्या एका बेकरीतून अमली पदार्थ नियंत्रण विभागाने ८३० ग्रॅम गांजाच्या ब्राउनी पकडल्या, आणि पुढच्याच महिन्यात माझगावात दहा किलो चरसाच्या ब्राउनी. चरसाची व्यापारी मात्रा एक किलो. तिच्यापुढे किमान दहा वर्षांची सक्तमजुरी. मग वजन कशाचे करायचे, चरसाचे की मैदा-साखर-लोण्यासकट? सर्वोच्च न्यायालयाने हिरासिंग प्रकरणात २०२० मध्ये सांगितले की मिश्रणातले निरुपद्रवी द्रव्यही मोजायचे. म्हणजे विक्रेता नशेला साखर म्हणून खपवतो आणि कायदा साखरेला नशा म्हणून तोलतो. माझे मत विचाराल तर दोघेही चुकतात, आणि एकाच कारणाने: खरी मात्रा किती मिलिग्रॅम, हे दोघांनाही विचारायचे नाही.

ज्यांनी हे विचारायचे ठरवले त्यांनी काय केले? कॅनडात असे खाद्यपदार्थ ऑक्टोबर २०१९ पासून कायदेशीर आहेत. तिथे एका पाकिटात दहा मिलिग्रॅमहून अधिक टीएचसी चालत नाही. पोषणाचा तक्ता छापावा लागतो, पण पदार्थात जीवनसत्त्वे किंवा खनिजे घालायला बंदी आहे आणि आरोग्याला हितकारक असल्याचा दावाही करता येत नाही. गांजा खुला करणाऱ्या देशाने त्याला पौष्टिक म्हणायचा रस्ता मुद्दाम बंद केला. आपल्याकडे खुला तोच रस्ता आहे.

नशा येणाऱ्या झाडापासून खाऊ होऊच शकत नाही असे माझे म्हणणे मुळीच नाही. आमच्याच जिल्ह्यात उटनूरच्या आदिवासी बायकांच्या सहकारी संस्थेने मोहाच्या फुलांचे लाडू करायला घेतले. मोहाचे फूल आंबवले की दारू. न आंबवता वाळवले की त्यातली साखर तशीच शाबूत. शेंगदाणे, तीळ, गूळ घालून वळलेल्या त्या लाडवात जे श्रेय आहे ते फुलाचेही आहे आणि शेंगदाण्याचेही, आणि तो खाऊन कोणाची मात्रा चुकत नाही. तेलंगणात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी सत्तर टक्के मुले रक्तक्षयी आहेत असे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघाले. त्या आकड्यापुढे पौष्टिक लाडू हे शब्द जपूनच वापरले पाहिजेत, कारण या भागात त्यांना खरे काम आहे.

शेवटी ठरलेला आक्षेप येतोच: गावोगावी सरकारी परवान्याची दारूदुकाने उघडी आहेत, मग भांगेच्या गोळीवरच डोळा का? आक्षेप रास्त आहे. दारूने आमच्या भागातली जितकी घरे बसवली तितकी भांगेने बसवली नाहीत, हे मी कोणापुढेही म्हणेन. पण दारूच्या बाटलीवर अल्कोहोल किती टक्के ते छापलेले असते, इशारा छापलेला असतो, आणि ती विकणारा तिला पोषक म्हणत नाही, पचनाची गोळी म्हणत नाही, पोराच्या हातात चॉकलेटच्या कागदात देत नाही. मुनक्क्याच्या पुडीवर आणि लाडवाच्या डब्यावर एका नगात टीएचसी किती मिलिग्रॅम, एवढा एकच आकडा छापून दाखवावा. प्रथिनांच्या तक्त्यावर त्यानंतर बोलू.